ठसा कुणाचा, खात्री कुणाची?

जसपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयानं एक विधान केलं. अंगठ्याचा ठसा ओळखण्याचं शास्त्र अचूक आहे, त्यात चुकीला किंवा शंकेला जागा नाही, असा त्याचा आशय होता. त्याच सुमारास मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात हस्ताक्षरतज्ज्ञाच्या साक्षीचा विचार करताना न्यायालयानं पुन्हा ठशांचाच दाखला दिला. ठशांचं शास्त्र जवळजवळ पूर्णत्वाला पोचलं आहे आणि तिथं मत चुकण्याचा धोका नसल्यात जमा आहे, असं ते म्हणालं. वकिलांच्या युक्तिवादांत ही विधानं आजही येतात. कोर्टाबाहेर आपलीही समजूत हीच आहे. घरफोडीच्या बातमीत 'श्वानपथक आणि ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले' हे वाक्य ठरलेलं असतं. कुत्रं चौकापर्यंत जाऊन घुटमळलं, हेही आपण त्याच बातमीत वाचतो आणि मान्य करतो. ठसेतज्ज्ञ घुटमळला, असं मात्र कधी छापून येत नाही.

बोटावरच्या रेषांवर विश्वास ठेवायला माझी काहीच हरकत नाही. पण कोर्टात येतं ते बोट नसतं. कुठल्यातरी कपाटावर, काचेवर, कागदावर पुसट उमटलेला रेषांचा एक तुकडा असतो. तो तुकडा अमक्याचाच, असं एक माणूस दुसऱ्या कागदाशी ताडून सांगतो. त्या माणसाचं ते मत असतं आणि आपण त्याला निसर्गनियमाचं वजन दिलं आहे. या चुकीपायी माणसं तुरुंगात गेली आहेत. ती कशी गेली याच्या तपशीलवार नोंदी आता जगासमोर आहेत, आणि त्या आपल्याकडे नीट वाचल्या जायला हव्यात.

आधी रेषांबद्दल. गर्भ दहा-अकरा आठवड्यांचा असताना बोटांच्या टोकांवर या रेषा धरू लागतात आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास त्यांची घडण पुरी होते. बोटाच्या टोकाशी त्या वेळी असलेला उंचवटा किती मोठा आणि तो केव्हा ओसरला, यावर नक्षीचा ढोबळ आकार ठरतो. बारीक तपशील मात्र इतक्या किरकोळ आणि योगायोगाच्या कारणांनी घडतात, की ज्यांचा डीएनए सारखा त्या जुळ्यांचेही ठसे वेगळे निघतात. बाळाच्या बोटांवर शंख किती आणि चक्रं किती हे पाहायची आपल्याकडे जुनी हौस आहे. ठशांचं पहिलं वर्गीकरणही याच आकारांवर चालतं: शंख, चक्र आणि कमान. साठ-पासष्ट टक्के बोटांवर शंख असतात, तीस-पस्तीस टक्क्यांवर चक्रं असतात, कमानी जेमतेम पाच टक्के. त्यामुळे नुसत्या आकारावरून माणूस ओळखता येत नाही. ओळख पटते ती बारकाव्यांवरून. एखादी रेष कुठे मध्येच संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे दोन रेषांच्या मध्ये सुटं टिंब असतं, हे पाहायचं असतं. वरची कातडी सोलली किंवा भाजली, पण खालचा थर शाबूत राहिला, तर तीच नक्षी परत उगवते. जखम खोल गेली तर व्रण राहतो, आणि मग तो व्रणही ओळखीची खूण होतो.

काबाडकष्टांनी मात्र या रेषा झिजतात. सिमेंट कालवणाऱ्या, वीट उचलणाऱ्या, वर्षानुवर्षं कोयता धरणाऱ्या हातांचा अंगठा रेशन दुकानातलं यंत्र घेत नाही, हे खेडोपाडी रोजचं आहे. तिथं तर बोट जिवंत असतं, समोर असतं आणि राजीखुशीनं टेकवलेलं असतं. गुन्ह्याच्या जागी यातलं काहीच नसतं.

ही विद्या वाढली बंगालमध्ये. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी करार केला आणि कागदावर सहीबरोबर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. कोनाईनं पुढे 'ही सही माझी नव्हेच' म्हणू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. गुन्हेगार शोधायला ठशांचा उपयोग होईल हे जाहीरपणे मांडलं हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरनं. तो जपानमध्ये काम करत होता आणि १८८० साली 'नेचर' नियतकालिकात त्याचं पत्र छापून आलं. १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टनचा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी अर्जेंटिनातल्या नेकोचेआ गावी दोन मुलांचा खून झाला. आईनं शेजारच्या एका माणसाचं नाव घेतलं. पोलिसांनी त्याला बेदम मारलं, तरी त्यानं गुन्हा कबूल केला नाही. शेवटी दाराच्या चौकटीवरचा रक्ताळलेला ठसा आईचाच निघाला आणि तिनं कबुली दिली. हुआन वुसेतिच या पोलीस अधिकाऱ्यानं उभ्या केलेल्या ठसेपद्धतीचं हे पहिलं मोठं यश होतं. ठशानं पहिल्याच मोठ्या प्रकरणात एका निरपराध माणसाला सोडवलं, हे मी मुद्दाम सांगतो आहे. या शास्त्राचं ऋण मोठं आहे आणि पुढचं सगळं ते मान्य करूनच लिहिलं आहे.

पण हजारो माणसांचे ठसे गोळा केले तर हवा तो कागद शोधायचा कसा? हा प्रश्न कलकत्त्यात सुटला. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन अधिकारी काम करत होते. त्यांतले हक गणिती डोक्याचे. त्यांची युक्ती वाचकांनी आपल्या हातावर करून पाहावी. उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत बोटांना एक ते दहा क्रमांक द्या आणि दोन-दोनच्या जोड्या पाडा. पहिल्या जोडीला किंमत १६, मग अनुक्रमे ८, ४, २, १. ज्या बोटावर चक्र असेल त्या बोटाला त्याच्या जोडीची किंमत मिळते, बाकीच्यांना शून्य. सम क्रमांकांच्या बोटांची बेरीज करून त्यात एक मिळवा आणि तो आकडा वर लिहा. विषम बोटांची बेरीज करून त्यातही एक मिळवा आणि तो खाली लिहा. समजा, तुमच्या फक्त उजव्या अंगठ्यावर चक्र आहे. मग वर १ आणि खाली १७ येतात. वरचा आकडा १ ते ३२ यांपैकी काहीही येऊ शकतो, खालचाही तसाच; म्हणजे एकूण १,०२४ खण झाले. शोधताना अख्खं कपाट उपसायचं नाही, नेमका खण उघडायचा. १८९७ मध्ये याच पद्धतीवर कलकत्त्याला जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा कार्यालय सुरू झालं. चार वर्षांनी लंडनच्या स्कॉटलंड यार्डनं तीच पद्धत उचलली. जगभर ती 'हेन्री पद्धत' म्हणून गेली. हक आणि बोस यांच्या वाट्याला पुढे पदव्या आणि थोडं मानधन आलं. आपल्या पोलीस प्रशिक्षणात तरी या दोघांची नावं हेन्रीच्या आधी घेतली जावीत असं मला वाटतं.

त्याच सुमारास जलपैगुडीतल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. तिजोरीतले पैसे गेले होते. कागदपत्रांत एक बंगाली पंचांग सापडलं आणि त्यावर तपकिरी डाग होते. त्यांतला एक डाग कलकत्त्याच्या कार्यालयात ताडून पाहिला, तेव्हा तो पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या कंगालीचरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. १८९८ मध्ये खटला चालला. न्यायाधीश आणि असेसर यांनी त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली. खुनाच्या आरोपातून मात्र सोडलं, कारण तो तिथं होता हे ठशानं कळतं, गळा त्यानंच चिरला हे कळत नाही. ठशाच्या पुराव्याची जगातली ही अगदी सुरुवातीची केस होती, आणि त्या लोकांनी पुरावा किती ताणायचा याची मर्यादा ओळखली होती. पुढच्याच वर्षी भारतीय पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन तज्ज्ञाच्या मताच्या कलमात बोटांच्या ठशांचा समावेश झाला. कायद्यानं तेव्हाही त्याला 'मत'च म्हटलं होतं. आजच्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ३९व्या कलमातही ते मतच आहे.

आता गुन्ह्याच्या जागेकडे येऊ. तिथं सापडलेल्या ठशाला आपल्याकडच्या पोलिसांत 'चान्स प्रिंट' म्हणतात. बोटांना घाम असतो, चेहऱ्याला किंवा केसांना हात लागून आलेला तेलकटपणा असतो, आणि त्याचा अदृश्य थर वस्तूवर उरतो. गुळगुळीत काचेवर किंवा कपाटाच्या पत्र्यावर मऊ ब्रशनं पावडर फिरवली की रेषा वर येतात. मग त्यांचा फोटो निघतो आणि चिकटपट्टीनं तो ठसा उचलला जातो. कागद असेल तर निनहायड्रिन लावतात. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन जांभळट ठसा उमटतो. प्लास्टिकची पिशवी किंवा पिस्तूल असेल तर बंद पेटीत सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ देतात. आपण घरी फेविक्विक म्हणून वापरतो तेच हे रसायन. वाफ रेषांवर बसून पांढरी होते. हे सगळं करूनही जे हाती लागतं ते बहुधा अर्धंमुर्धं असतं. बोट सरकलेलं असतं, दाब कमीजास्त पडलेला असतो, एका ठशावर दुसरा चढलेला असतो, खालच्या वस्तूची स्वतःची नक्षीही मध्ये येते. पोलीस ठाण्यात शाई लावून, बोट एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फिरवून घेतलेल्या दहा बोटांच्या स्लिपवर एका बोटात शंभराच्या आसपास असे बारकावे, म्हणजे 'बिंदू', मिळतात. चान्स प्रिंटमध्ये कधी वीस, कधी दहा, कधी सात.

किती बिंदू जुळले म्हणजे पुरे? यावर जगाचं एकमत नाही. इंग्लंडनं १९५३ पासून सोळाचा दंडक ठेवला आणि २००१ मध्ये सोडून दिला. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्येच ठरवलं, की किमान आकड्याला शास्त्रीय आधार नाही. आपल्याकडे कायद्यात आकडा नाही. आठ बिंदू जुळले की बस, अशी जुनी वहिवाट आहे. आकडा असो वा नसो, खरी अडचण त्याच्या आधीची आहे. पुसट जागी दिसणारी खूण रेषेचा शेवट आहे, फाटा आहे की पावडरीचा कण आहे, हे ठरवणारा डोळा माणसाचाच असतो.

११ मार्च २००४ ला माद्रिदमध्ये लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. १९१ माणसं मेली. अल्काला दे एनारेस स्थानकाजवळ उभ्या असलेल्या एका व्हॅनमध्ये निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत डिटोनेटर मिळाले. पिशवीवरच्या ठशांचे फोटो स्पेननं इतर देशांना पाठवले. अमेरिकेच्या एफबीआयनं त्यांतला सतरा क्रमांकाचा ठसा संगणकात टाकला. कोट्यवधी नोंदींतून संगणकानं मिळत्याजुळत्या वीस ठशांची यादी काढून दिली. यादीत चौथा होता ब्रँडन मेफिल्ड, ओरेगनमधल्या पोर्टलंड शहराजवळ राहणारा वकील. पूर्वी तो लष्करात होता, त्यामुळे त्याचे ठसे सरकारदरबारी होते. एफबीआयच्या तज्ज्ञानं ठसा जुळल्याचं ठरवलं. दुसऱ्यानं तपासून दुजोरा दिला, मग विभागप्रमुखानंही. तिघेही अनुभवी. न्यायालयात गेलेल्या प्रतिज्ञापत्रात शंभर टक्के खात्री नोंदली होती.

नंतर कळलं, की मेफिल्डनं इस्लाम स्वीकारलेला आहे, त्याची बायको मूळची इजिप्तची आहे आणि दहशतवादाच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या एका माणसाचं मुलाच्या ताब्याचं प्रकरण त्यानं चालवलं होतं. तो वर्षानुवर्षं देशाबाहेर गेल्याची नोंद नव्हती. तेव्हा तो खोट्या नावानं गेला असेल, असा तर्क निघाला. १३ एप्रिलला स्पेनच्या पोलिसांनी लेखी कळवलं, की तुमचा ठसा आमच्या ठशाशी जुळत नाही. एफबीआयचा माणूस माद्रिदला जाऊन त्यांना पटवायचा प्रयत्न करून आला. ६ मेला मेफिल्डला अटक झाली. न्यायालयानं नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानंही १९ मेला ठसा मेफिल्डचाच असल्याचं सांगितलं. त्याच दिवशी स्पेननं जाहीर केलं, की ठसा एका अल्जीरियन माणसाचा आहे. दुसऱ्या दिवशी मेफिल्ड सुटला. एफबीआयनं माफी मागितली आणि सरकारनं पुढे २० लाख डॉलर भरपाई दिली.

अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २००६ मध्ये या प्रकरणाचा अहवाल काढला. ठशांच्या पुराव्याशी ज्याचा संबंध येतो अशा प्रत्येकानं तो वाचावा. दोन ठशांत खरोखरच विलक्षण साम्य होतं. दहापर्यंत बिंदू जुळत होते. कोट्यवधी ठशांत शोध घेतला की दुसऱ्याच माणसाचा असा जवळचा ठसा हाती लागण्याची शक्यता वाढते, हा अहवालाचा पहिला धडा आहे. दुसरा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीचे बिंदू जुळल्यावर तज्ज्ञांनी उरलेले बिंदू मेफिल्डच्या स्वच्छ ठशात पाहून मग पुसट ठशात शोधले. जे दिसायला हवं होतं ते त्यांना दिसलं. डावीकडचा वरचा भाग जुळत नव्हता, तेव्हा तो वेगळ्या स्पर्शाचा असेल असं म्हणून बाजूला टाकला. तपासणाऱ्यांना आधीचा निष्कर्ष माहीत होता, म्हणून तेही त्याच वाटेनं गेले. पहिल्या चुकीच्या वेळी मेफिल्डचा धर्म तज्ज्ञांना माहीत नव्हता. पण स्पेनचा नकार आल्यावर पुन्हा नीट पाहायला हवं होतं, तिथं या माहितीनं मन अडवलं असावं, असं अहवाल म्हणतो. फोटोचा दर्जा खराब होता ही सबब एफबीआयनं आधी दिली होती. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीनं ती फेटाळली. चूक माणसांची होती.

स्कॉटलंडमधलं प्रकरण याहून आधीचं. १९९७ मध्ये किल्मारनॉक गावात एका महिलेचा खून झाला. स्नानघराच्या दाराच्या चौकटीवरचा एक ठसा शर्ली मॅकी या पोलीस अधिकाऱ्याचा आहे, असं चार ठसेतज्ज्ञांनी सांगितलं. आपण त्या घरात पाऊलही टाकलेलं नाही, असं तिनं शपथेवर सांगितलं, म्हणून तिच्यावरच खोट्या साक्षीचा खटला भरला गेला. १९९९ मध्ये दोन अमेरिकी तज्ज्ञांनी तो ठसा तिचा नाही हे ज्यूरीला दाखवलं आणि ती सुटली. तिचं करिअर तोवर संपलं होतं. खुनाबद्दल ज्याला शिक्षा झाली होती, त्याच्या घरी मिळालेल्या डब्यावरचा ठसा मृत महिलेचा म्हणून दाखवला गेला होता. तोही तिचा नव्हता. त्या माणसाची शिक्षा २००२ मध्ये रद्द झाली. सर अँथनी कॅम्पबेल यांच्या चौकशीचा अहवाल २०११ मध्ये आला. ठसा हा वस्तुस्थितीचा नव्हे तर मताचा पुरावा मानावा, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मॅकी स्वतः पोलिसांतली होती, वडील निवृत्त पोलीस अधिकारी, आणि तिच्यासाठी समुद्रापलीकडून तज्ज्ञ आले. ज्याच्यासाठी कुणी येत नाही, त्याचं काय होत असेल?

या चुकांनंतर प्रयोग झाले. इटिएल ड्रोर या मानसशास्त्रज्ञानं पाच अनुभवी तज्ज्ञांना ठशांची एकेक जोडी दिली आणि ही मेफिल्डच्या प्रकरणातली चुकीची जोडी आहे, असं सांगितलं. प्रत्यक्षात ती त्या-त्या तज्ज्ञानंच काही वर्षांपूर्वी 'जुळते' म्हणून नोंदवलेली होती. पाचांतल्या तिघांनी आता 'जुळत नाही' म्हटलं, एकानं 'सांगता येत नाही', आणि एकच आपल्या मतावर टिकला. ठसे तेच, डोळे तेच, फक्त कानावर पडलेली गोष्ट वेगळी. २०११ मध्ये एफबीआयच्या पुढाकारानं १६९ तज्ज्ञांची मोठी चाचणी झाली. वेगवेगळ्या माणसांचे ठसे एकाचे म्हणून सांगण्याची चूक ०.१ टक्का निघाली. एकाच माणसाचे ठसे वेगळे म्हणण्याची ७.५ टक्के. पाच तज्ज्ञांनी मिळून पहिल्या प्रकारच्या सहा चुका केल्या, पण एकाच जोडीवर दोघं चुकले नाहीत. म्हणजे दुसऱ्यानं पहिल्याचं मत न ऐकता स्वतंत्रपणे पाहिलं असतं, तर या सगळ्या चुका पकडल्या गेल्या असत्या. काही महिन्यांनी चाचणीतल्या काही तज्ज्ञांना तेच ठसे पुन्हा दिले, तेव्हा दहातला साधारण एक निर्णय बदलला. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळानं २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला, की पद्धत शास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य आहे, पण चुकीचं प्रमाण ज्यूरीला वाटतं त्याहून बरंच जास्त असू शकतं: एका अभ्यासावरून कमाल ३०६ मध्ये एक, दुसऱ्यावरून १८ मध्ये एक.

एक दशांश टक्का ऐकायला नगण्य वाटतो. पण 'नसल्यात जमा' आणि 'हजारात एक' यांत फरक आहे, आणि हा एक जण कोठडीत बसलेला असतो. शिवाय चाचणीत कुणी वरिष्ठ घाई करत नसतो. दाराबाहेर कॅमेरे उभे नसतात.

आता आपल्या घरात पाहू. सर्वोच्च न्यायालयाचेच इतर निकाल जसपाल सिंगच्या विधानापेक्षा जास्त सावध आहेत. मेहमूद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात हत्याराच्या मुठीवरचा ठसा न्यायालयानं मानला नाही, कारण तज्ज्ञानं मताची कारणंच दिली नव्हती आणि आरोपीचे नमुना ठसे दंडाधिकाऱ्यासमोर घेतलेले नव्हते. मोहम्मद अमान विरुद्ध राजस्थान राज्य या १९९७ च्या निकालात पितळेच्या भांड्यावरचा ठसा होता. मुद्देमाल जप्तीपासून तज्ज्ञाच्या टेबलापर्यंत कुणी हाताळला नाही याचा पुरावाच नव्हता, म्हणून आरोपी सुटले. हे निकाल मला आदर्श वाटतात. न्यायालयानं ठशाचं शास्त्र नाकारलं नाही. तो ठसा कुठून आला आणि मत कशावरून बनलं, एवढं विचारलं.

पण व्यवस्थेची ओढ उलट दिशेला आहे. अंगुलीमुद्रा केंद्राच्या संचालकांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ हे सांगत होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३२९ सांगतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही त्याच यादीत आहेत. रासायनिक पृथक्करणाचा आकडा आणि डोळ्यानं ठरवलेलं साम्य एकाच रांगेत बसवलं आहे. न्यायालयाला वाटलं तर तज्ज्ञाला बोलावता येतं. पण सरकारी खर्चाच्या वकिलावर अवलंबून असलेल्या आरोपीच्या बाजूनं तसा अर्ज करणार कोण?

ठसा द्यायला नकार देण्याची सोयही नाही. मुंबई राज्य विरुद्ध काथी काळू ओघड या १९६१ च्या निकालात अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की ठसा देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. ते मला पटतं. पण माणूस नाही म्हणू शकत नसेल, तर त्याच्याकडून घेतलेल्या गोष्टीचा अर्थ लावताना सरकारची जबाबदारी दुप्पट होते. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं १९२० चा जुना कायदा गेला, ठशांपासून बुबुळापर्यंतची मापं घेण्याचा अधिकार विस्तारला आणि नोंदी ७५ वर्षं ठेवण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी 'नॅफिस' ही राष्ट्रीय संगणकप्रणाली आली. तीत एक कोटीहून अधिक नोंदी आहेत. महाराष्ट्राची 'अ‍ॅम्बिस' तर ठशांबरोबर चेहरा आणि डोळेही ताडते. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं नव्या संहितेनं टप्प्याटप्प्यानं सक्तीचं केलं आहे. हे चांगलंच आहे. पळून गेलेला सराईत चोर दुसऱ्या राज्यात सापडतो, बेवारस मृतदेहाला नाव मिळतं, ते यामुळेच. पण नोंदी जितक्या वाढतील तितके मेफिल्डसारखे जवळचे ठसे वाढतील, हेही याच यंत्रणेचं फळ आहे. संगणक गुन्हेगार शोधून देत नाही. तो यादी देतो. नाव ठरवतो तो माणूस, आणि त्यानं ते कसं ठरवलं याची कुठलीच अट आपल्या कायद्यात नाही.

या अटी घालणं महागडं नाही. तज्ज्ञानं पुसट ठशातले बिंदू आधी एकट्यानं नोंदवून त्यावर तारीख घालावी आणि नंतरच संशयिताची स्लिप उघडावी. संशयित कोण आहे, त्यानं काय कबूल केलं, त्याची जात-धर्म काय, हे तपास अधिकाऱ्यानं त्याला कळवू नये. दुसरा तज्ज्ञ पहिल्याचा निष्कर्ष न पाहता बसावा आणि दोघांत मतभेद झाला तर तो अहवालात लिहावा. न जुळणाऱ्या जागाही लिहाव्यात. प्रत्येक केंद्रातल्या तज्ज्ञांच्या ठरावीक काळानं चाचण्या घेऊन त्यांचे निकाल जाहीर करावेत. गृह खात्यानं मनात आणलं तर एका परिपत्रकानं पुण्याच्या केंद्रापासून हे सुरू होऊ शकतं.

तोवर वकिलांना आणि न्यायाधीशांना विनंती आहे. खटला प्रामुख्यानं चान्स प्रिंटवर उभा असेल, तर अहवाल नुसता नस्तीला लावून पुढे जाऊ नका. बचावाच्या वकिलानं तज्ज्ञाला बोलावण्याचा अर्ज करावा. मोठे केलेले दोन्ही फोटो कोर्टात मागवावेत. कोणता बिंदू आधी कुठल्या ठशात दिसला, काय जुळलं नाही, स्लिप हातात आली तेव्हा संशयिताबद्दल काय माहीत होतं आणि दुसऱ्यानं तपासलं तेव्हा त्याला पहिल्याचं मत माहीत होतं का, हे विचारावं. न्यायालयानं असा अर्ज उशिराचा किंवा वेळकाढूपणाचा म्हणून फेटाळू नये. आरोपीकडे वकीलच नसेल, तर हे प्रश्न न्यायाधीशांनी स्वतः विचारावेत. कायद्यानं त्यांना तो अधिकार दिलेला आहे.